गजभिये सिस्टरचा प्रश्न

गजभिये सिस्टर कोणतीही वस्तू आधी नाकाला लावायच्या आणि मग हातात धरायच्या. नवं रजिस्टर आलं की पहिलं पान उघडून त्यात नाक खुपसायचं, मगच वर नाव घालायचं. कापसाचं बंडल, माझ्या डब्यातली वांग्याची भाजी, डॉक्टर मॅडमची नवी पर्स, कशालाच त्यातून सूट नव्हती. एकदा वरचे साहेब तपासणीला आले. त्यांनी नव्या फॉर्मांचा गठ्ठा पुढे केला, तर बाईंनी तोही हुंगला आणि म्हणाल्या, "शाई कच्ची आहे साहेब, वाळू द्या." साहेब हसले. दुपारी त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर आमच्या फॉर्मचे तीन प्रश्न उलटे उमटले होते.

मी त्या दवाखान्यात रक्त तपासणारा. इतवारी बाजाराच्या मागच्या अंगाला, हातगाड्या आणि टेम्पोंच्या गर्दीत दडलेली आमची दुमजली इमारत. खाली बायकांची रांग, वर माझी लॅब. सुई टोचणारा माणूस कोणालाच आवडत नाही, पण मला माझ्या कामाची घमेंड होती. माणूस खोटं बोलेल, माझी मशीन बोलणार नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. सिस्टर सावनेरकडून बदलून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जमिनीवर आणलं. "लांजेवार, तुझी मशीन खरं बोलते गा. पण अर्धंच बोलते. रक्त किती कमी ते सांगते. काहून कमी, ते सांगते का?"

उंचीनं बेताच्या, अंगानं भरलेल्या, चालणं मात्र पोस्टमनसारखं झपाझप. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही दहा मिनिटं पुढे. कोणी म्हटलं, सिस्टर, घड्याळ चुकलंय, तर उत्तर ठरलेलं: "घड्याळ बरोबर आहे. तुम्ही सगळे मागं राहून राहिले." डब्यात रोज फुटाणे आणि गूळ. तो डबा त्या एकट्यानं कधी खात नसत आणि दुसऱ्याला नको म्हणू देत नसत.

आता त्या प्रश्नाकडे येतो, कारण सिस्टर म्हटलं की मला तोच आठवतो.

गरोदर बायकांच्या फॉर्मवर एक ओळ होती: माती, खडू, राख वा तत्सम पदार्थ खाण्याची सवय आहे काय? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. मी त्या दवाखान्यात आल्यापासून 'होय'च्या चौकोनात खूण पडलेली पाहिली नव्हती. माझा समज असा की आमच्या भागातल्या बायका शहाण्या आहेत, माती खाणं हे लहान पोरांचं काम. आमच्या डॉक्टर मॅडम पुण्याच्या, तरुण, हुशार आणि फार मनापासून काम करणाऱ्या. त्या हा प्रश्न प्रत्येकीला न चुकता, स्पष्ट उच्चारात विचारायच्या: "तुम्ही माती खाता का?"

एक दिवस एका भांडेवाल्यांच्या घरची सून आली, सोबत सासू. मॅडमनी प्रश्न विचारला. सून खाली पाहत राहिली आणि सासू ताडकन उभी झाली. "आमच्या सुनेनं काय माती खाल्ली, ते तर सांगा आधी! काय ऐकलं तुम्ही? कोणं सांगतलं?" सगळी रांग कान टवकारून बसली. मॅडम गोंधळून म्हणाल्या, "अहो, खरीखुरी माती म्हणतेय मी." ते ऐकून तर सासूचा पारा आणखी चढला. सुनेला दंडाला धरून ती निघून गेली. दारातून जाताना सुनेनं एकदा मागे वळून पाहिलं. ते पाहणं मला दिसलं, पण कळलं नाही. सिस्टरना कळलं.

रांग संपल्यावर त्या मॅडमसमोर बसल्या. "मॅडम, माझ्या भाच्यानं परवा इंटरव्यूत माती खाल्ली. म्हणजे काय केलं?"

"म्हणजे... घोळ केला."

"अन् एखाद्या पोरीनं माती खाल्ली म्हटलं म्हंजे?"

मॅडम लाल झाल्या.

"मंग? भर रांगेत, सासूसमोर, तुम्ही विचारता, माती खाते का? अन् ते होय म्हणन? प्रश्नच असा आहे का 'नाही' म्हटल्याशिवाय इज्जत राहत नाही."

फॉर्म कोणी बनवला देव जाणे. वर्षानुवर्षं तो भरून घेणारे आम्ही सगळे मराठी बोलणारे, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मला त्या दिवशी माझीच लाज वाटली. रजिस्टरमधले ते सगळे 'नाही' माझ्या डोळ्यांसमोरून गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरनी फॉर्म उलटा ठेवला. बाईचा हात हातात घ्यायचा, नखं पाहायची, खालची पापणी ओढून पाहायची आणि साडीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणायचं, "कोणता वास सोडवत नाही वं तुले?"

काय सांगू, धरणाचं दार उघडावं तशा बायका बोलायला लागल्या. एक म्हणाली, नवा माठ. पाणी भरलं की जो वास सुटतो, तो आला की मी माठाजवळच बसून राहते. दुसरी म्हणाली, कूलरच्या ओल्या वाळ्याचा. तिसरीला अगरबत्तीची राख, चौथीला पाणी मारलेली चुन्याची भिंत. वासाचं काय, वास कोणालाही आवडतो, त्यात इज्जतीचा प्रश्न नाही. मग सिस्टर डोळे बारीक करून विचारायच्या, "मंग नुसता वासच घेते, का थोडं तोंडात पण टाकून पाहते?" आणि बाई पदर तोंडाला लावून हसायची. ते हसणं म्हणजे 'होय'. सिस्टर फॉर्म सुलटा करायच्या आणि खूण करायच्या. महिनाभरात तो चौकोन इतका भरला की मॅडमनी जुनी रजिस्टरं काढून त्यातले 'नाही' पुन्हा तपासायला सुरुवात केली.

कच्चे तांदूळ खाणाऱ्यांसाठी त्यांचा वेगळा प्रश्न होता. "तुझ्या लग्नात पाऊस आला होता का वं?" कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो हे आमच्याकडे प्रत्येक पोरीला लहानपणी ऐकवलेलं असतं. एक बाई भोळेपणानं म्हणाली, "आला होता नं सिस्टर, मांडव पडला, वरातीचा बँडवाला भिजून पळून गेला." सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे तू एकदोन मुठी नाही, पोतंच संपवलं!" सगळी रांग हसली आणि त्या हसण्यात तिनं डोकं हलवून कबूल केलं की हो, आजही रोज मूठभर चावते. तिचं रक्त मी तपासलं. हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं, हवं अकराच्या वर.

सिस्टरचं म्हणणं साधं होतं. अंगातलं लोह कमी झालं की काही माणसांना ही ओढ लागते. का लागते ते मोठ्या डॉक्टरांनाही पुरतं उमगलेलं नाही, पण लागते. तो चटोरपणा नाही, वेड नाही, वाईट वळण तर नाहीच. तहान लागल्यावर कोणी माणसाला रागावतं का? धरमपेठेतली एक बँकेतली बाई मॅडमची ओळख काढून आमच्याकडे आली. कडक इस्त्रीची साडी, बोलणं अगदी मोजकं. माती म्हटल्यावर तिनं नाक मुरडलं. सिस्टरनी तिच्या तोंडात पाहिलं आणि विचारलं, "दाढ कशानं तुटली मॅडम?" बाई चपापली. बर्फानं. दिवसभरात फ्रीजचे दोन ट्रे चावून संपवत होती, ऑफिसात थर्मासमध्ये घेऊन जात होती. "बर्फ काय, पाणीच तर आहे," ती म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "हो नं. पाणी पिऊन कोणाची दाढ तुटत नाही पण." तिचंही रक्त कमीच निघालं. लोहाची औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तिचा फोन आला, बर्फ पाहिला तरी आता काही वाटत नाही, म्हणाली. तिच्या आवाजात आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

सगळं इतकं सरळ नसतं, हेही सिस्टरनीच मला सांगितलं. एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली, खिडकीचा रंग खरवडून खायचा तो. त्याचं रक्त ठणठणीत होतं. मी तोऱ्यात म्हटलं, काही नाही, लाडावलंय. सिस्टर माझ्यावर अशा चिडल्या की मी दोन पावलं मागे सरकलो. "सगळीच ओढ रक्तातून येते काय? मनातून नाही येत? अन् रंगात विष असते ते?" त्यांनी मॅडमकडून चिठ्ठी घेतली, त्याला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे आणि मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्या आईला बजावलं, "हातावर मारू नको. मारलं का पोरगं लपून खाते. लपलं का आपल्याले दिसत नाही."

लपणं. त्यांचं सगळं भांडण लपण्याशी होतं. पण त्यांची खरी परीक्षा घेतली ती जराही न लपवणाऱ्या एका माणसानं.

एप्रिल महिना होता. वैशाली नावाची बावीस वर्षांची मुलगी, सातवा महिना. तिची सासू कमलाबाई तिला फुलासारखी जपायची. दवाखान्यात येताना डोक्यावर छत्री धरायची, रांगेत स्वतः उभी राहायची, लोहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत जमवून आणून दाखवायची. एकही गोळी चुकली नव्हती. आणि तरी वैशालीचं रक्त प्रत्येक खेपेला उतरत चाललं होतं. आधी नऊ, मग आठ. त्या दिवशी साडेसहा आलं. मी दोनदा तपासलं. बाळंतपणात थोडा जरी रक्तस्राव झाला असता, तरी ती मुलगी हातची गेली असती. आमच्या हातात काही आठवडेच होते.

"फेकत असेल गोळ्या," मी म्हणालो.

"पोरगी खोटी नाही गा," सिस्टर म्हणाल्या. "कुठं तरी आपलाच प्रश्न अडून राहिला."

त्यांनी वैशालीचा हात हातात घेतला आणि पाकिटं मोजण्यात आजवर राहून गेलेलं ते नेहमीचं विचारलं. मुलीनं उत्तर द्यायच्या आधी सासूच उत्साहानं बोलली. "वास कायले सिस्टर? मी आणूनच देते नं!" आणि तिनं पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. भाजलेल्या मातीचे लालसर तुकडे, एकसारखे, निवडून घेतलेले. "इतवारीतून आणते. चांगली भाजलेली आहे, कचरा नाही. डोहाळे आहेत तिले. डोहाळे नाही पुरवले तर लेकराचे कान फुटतात, वाहत राहतात जन्मभर. माझ्या नणंदेच्या पोराचे पाहिले मी."

मॅडमचा तोल सुटला. "अहो, तुम्ही तिला मारताय! कळतंय का तुम्हाला?"

कमलाबाईंचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांच्या मायेचं असं माप पदरात पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी पुडी गुंडाळली, छत्री उचलली. "चाल वं वैशाली. आपण दुसरीकडे दाखवू." मला त्या भांडेवाल्यांच्या सुनेचं मागे वळून पाहणं आठवलं. ही गेली तर परत येणार नव्हती, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सिस्टर दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कमलाबाईंच्या हातातली पुडी घेतली आणि सवयीनं नाकाला लावली. "वा! भाजली चांगली आहे काकू." कमलाबाई थांबल्या. सिस्टरनी एका तुकड्यावर दोन थेंब पाणी टाकलं आणि तो वैशालीच्या नाकाशी धरला. "डोळे मीट. घे वास. घे, घाई नको करू." वैशालीनं असा खोल श्वास घेतला की आम्ही सगळे पाहत राहिलो. "आता सांग, जीव शांत झाला का?" तिनं डोळे न उघडता मान हलवली.

"काकू, डोहाळा तर नाकाचा निघाला. तुम्ही जिभेनं पुरवून राहिल्या." मग त्या कमलाबाईंना बाकावर बसवून शेजारी बसल्या. "ही माती पोटात जाते अन् तुमची गोळी आपल्याशी धरून ठेवते. पोरीच्या अंगाले लागू देत नाही. तुम्ही इतक्या मायेनं गोळी देता, ते ही माती खाऊन टाकते. रक्त कमी म्हणून मातीची ओढ, अन् माती खाल्ली म्हणून रक्त आणखी कमी. असं चक्कर आहे हे."

कमलाबाई पुडीकडे पाहत होत्या, पण उठल्या नाहीत. तेव्हा सिस्टर बोलल्या, आणि तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"सावनेरकडे होती मी तेव्हा. सुनंदा नावाची पोरगी होती. मी तिले सगळ्यांसमोर विचारलं, माती खाते का? नाही म्हणाली. मी 'नाही' लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. बाळंतपणात गेली. रक्त आणेपर्यंत गेली. तिची पिशवी आवराले घेतली तर खाली चुलीच्या मातीचे तुकडे, रुमालात बांधून. त्या फॉर्मवर माझी सही आहे काकू. तुम्ही तर लपवलं नाही, तुम्ही टेबलावर आणून ठेवली. तुमच्यासारखी सासू सुनंदाले असती तर ते आज असती."

मॅडमनी डोळे पुसले. मी लॅबकडे जायचं निमित्त शोधत होतो. कमलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "अन् मंग कान?"

कोणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, ही अंधश्रद्धा आहे. सिस्टर म्हणाल्या, "कानाची हमी माझी. डोहाळा पुरवाचाच आहे. हेच तुकडे ओले करून रुमालात बांधा, दिवसातून पन्नास वेळा हुंगू द्या. तोंडात एक कण नाही. तोंडात फुटाणे, गूळ, आवळ्याची फोड, काहीतरी चावाले द्या. पण रक्त त्यानं भरणार नाही, त्यासाठी उद्या सकाळी माझ्यासंग मोठ्या दवाखान्यात यायचं. येता का?"

"येतो," कमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पुडी सिस्टरच्या हातातच राहू दिली, मग काहीतरी आठवून त्यातले दोन तुकडे रुमालासाठी परत घेतले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर दोघींना घेऊन स्वतः गेल्या. वैशालीला शिरेतून लोह दिलं, एक पिशवी रक्तही द्यावं लागलं. दर आठवड्याला तिचं रक्त माझ्याकडे यायचं आणि मी नमुना लावला की सिस्टर दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर यायच्या. सात. साडेसात. सव्वाआठ. नवव्या महिन्यात साडेनऊ झालं तेव्हा त्यांनी मला आख्खा फुटाण्यांचा डबा खायला लावला. वैशालीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. सव्वा महिन्यानं कमलाबाई नात घेऊन पेढ्यांसकट आल्या. पेढे टेबलावर ठेवायच्या आधी त्यांनी बाळाचं टोपडं काढलं आणि म्हणाल्या, "पाहा सिस्टर, कान पाहा." सिस्टरनी टॉर्च लावून दोन्ही कान नीट तपासले, कोरडे आहेत असं जाहीर केलं आणि मग बाळाच्या टाळूला नाक लावून बराच वेळ तशाच राहिल्या. मी त्यांना इतका वेळ काही हुंगताना पाहिलं नव्हतं.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात मॅडमनी सांगितलं की आमच्या दवाखान्यात आता ती ओळ फॉर्मवर तशी वाचली जात नाही. सिस्टर मधेच बोलल्या, "अजून छापून तर तीच येते नं." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "ज्या दवाखान्यात येतात त्याइले आपण विचारतो. ज्या येतच नाहीत, त्याइचं काय गा?" मी म्हणालो, सिस्टर, आता आराम करा.

त्यानंतर वर्षभरानं, मे महिन्यात, मी कूलरसाठी वाळा आणायला इतवारीत गेलो. जडीबुटीचं जुनं दुकान, बाहेर बरण्या आणि पोती, आत काळोख. गल्ल्यापाशी एक लाकडी बाक होता आणि त्यावर, मांडीवर डबा आणि मनगटावर ते घड्याळ, गजभिये सिस्टर बसल्या होत्या. मी पाहतच राहिलो.

"तुम्ही इथे?"

"कमलाकाकूनं हेच दुकान दाखवलं मले. भाजलेली माती इथंच विकतात." त्या दुकानदाराकडे पाहून मोठ्यानं म्हणाल्या, "शेठ चांगला माणूस आहे. आधी रागावला होता. आता त्याच्या सुनेचं रक्त बरं आहे, म्हणून मले बसू देते." शेठनं न बघता हात जोडले. त्यांच्या पिशवीत आमच्या दवाखान्याच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या होत्या, स्वतःच्या हातानं लिहिलेल्या. हल्ली माझ्याकडे कुठून कुठून बायका येतात याचं मला नवल वाटत होतं, ते तिथं उलगडलं.

"दवाखान्यात विचारून विचारून थकली मी," त्या म्हणाल्या. "इथं कोणी 'नाही' म्हणालेच येत नाही."

मी वाळा तोलून घेत होतो तेवढ्यात कॉलेजच्या वयाची एक मुलगी आली. तोंडाला दुपट्टा, पाठीवर बॅग. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात शेठला म्हणाली, "भैया, ते भाजलेली माती आहे का? पाव किलो. कुंडीत टाकाची आहे."

शेठनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी बाकावर जागा केली, फुटाण्यांचा डबा उघडला आणि तिला अगदी सहज विचारलं,

"कुंडीचं नाव काय आहे वं?"

मुलगी दचकली. पळून जाते की काय असं मला वाटलं. मग दुपट्ट्याच्या वर तिचे डोळे हसले, आणि लगेच भरूनही आले. ती बाकाच्या टोकाला टेकली आणि म्हणाली, "प्राची."

सिस्टरनी तिचा हात हातात घेऊन नखं पाहिली आणि मान वर न करता मला म्हणाल्या, "लांजेवार, तू काहून उभा आहे गा? उद्या सकाळी मशीन लवकर चालू करजो."